दोन तृतीयांशांचे इमान

१९४८ च्या मार्च महिन्यात नाशिक येथे समाजवादी मंडळींचे अधिवेशन भरले आणि चौदा वर्षे काँग्रेसच्या अंतर्गत राहून काम केल्यानंतर त्या संस्थेशी असलेला संबंध तोडण्याचा निर्णय तेथे झाला. आचार्य नरेंद्र देव हे या मंडळींतले अग्रगण्य. संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, विधानसभेत ते व त्यांचे काही सहकारी काँग्रेसच्या उमेदवारीवर निवडून आलेले होते. पक्ष सोडला म्हणून जागाही सोडली पाहिजे असे बंधन घालणारे एकही कलम त्या काळच्या कायद्यात नव्हते. विरोधी बाकांवर जाऊन बसावे आणि मुदत पुरी करावी, एवढे त्यांना सहज करता आले असते आणि त्याबद्दल त्यांना कोणी फारसा दोषही दिला नसता. तरीही, ज्या पक्षाच्या नावाने मते मागितली त्या पक्षाशी नाते उरले नसेल तर त्या मतांवरही आपला हक्क उरत नाही, असा सरळ हिशेब मांडून या मंडळींनी राजीनामे दिले आणि ती पोटनिवडणुकांना सामोरी गेली.

फैजाबादेत आचार्यांविरुद्ध काँग्रेसने बाबा राघवदासांना उभे केले. हे बाबा मूळचे पुण्याचे. पण पूर्व उत्तर प्रदेशाला त्यांनी आपली कर्मभूमी मानले होते आणि तिकडच्या खेड्यापाड्यांत त्यांना संताचा मान होता. अयोध्या त्याच मतदारसंघात. आचार्य हे बौद्ध दर्शनाचे गाढे व्यासंगी, विचाराने मार्क्सवादी. तेव्हा हा गृहस्थ देव मानीत नाही, या एका गोष्टीचा प्रचारात असा काही बोभाटा करण्यात आला की बाकीचे मुद्दे कोणाच्या कानांपर्यंत पोचलेच नाहीत. आचार्य पराभूत झाले. प्रचार न्याय्य होता असे म्हणवत नाही, परंतु निकाल लागल्यावर वाद मात्र संपला. पक्ष सोडणाऱ्याने विश्वासघात केला की तत्त्वनिष्ठा दाखवली, हा प्रश्न ज्याच्यापुढे जावयाचा त्याच्यापुढे गेला होता आणि त्याने, बरावाईट कसा का असेना, फैसला दिला होता.

या उदाहरणापासून आपले संसदीय राजकारण पुढे कसे व किती दूर गेले, हे पाहावयाचे तर एकोणीस वर्षांनंतरच्या हरियाणात जावे लागते. १ नोव्हेंबर १९६६ रोजी जन्मास आलेल्या या राज्याची पहिली निवडणूक १९६७ च्या फेब्रुवारीत झाली. ८१ पैकी ४८ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि भगवत दयाल शर्मा मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळाला पंधरा दिवस होतात न होतात तोच पक्षातील एक गट फुटला, राव बिरेंद्र सिंह त्याचे पुढारी झाले आणि २४ मार्चला तेच मुख्यमंत्रिपदावर बसले. हसनपूरचे आमदार गया लाल यांनी याच धामधुमीत पंधरवड्याच्या आत तीनदा पक्ष बदलला, त्यातली एक फेरी तर अवघ्या नऊ तासांची. त्यांना पत्रकारांपुढे उभे करून राव बिरेंद्र सिंहांनी, गयाराम होते ते आता आयाराम झाले आहेत, अशा आशयाची कोटी केली आणि एका साध्या आमदाराचे नाव देशाच्या राजकीय शब्दकोशात कायमचे रुजू झाले. मला या गृहस्थांची थोडी कीव येते. त्या वर्षी उत्तर प्रदेशात चरण सिंह काँग्रेस सोडून तीन दिवसांत मुख्यमंत्री झाले, मध्य प्रदेशात गोविंद नारायण सिंहांनी छत्तीस आमदारांसह बाहेर पडून सरकार पाडले आणि तेही मुख्यमंत्री झाले; मोठ्यांच्या मोठ्या उड्यांना इतिहासात सत्तांतर म्हटले गेले आणि लहान माणसाच्या लहान उड्यांची म्हण झाली. हरियाणातील राव बिरेंद्र सिंहांचे सरकारही त्याच नोव्हेंबरात बरखास्त होऊन तेथे राष्ट्रपती राजवट आली.

लोकसभेने ८ डिसेंबर १९६७ रोजी ठराव करून या रोगाची चिकित्सा करण्यासाठी एक समिती नेमण्याचे ठरवले. गृहमंत्री यशवंतराव चव्हाण तिचे अध्यक्ष होते; जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. समितीने जमवलेले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दरम्यान पक्षांतराची सुमारे ५४२ प्रकरणे घडली होती, तर चौथ्या निवडणुकीनंतरच्या केवळ बारा महिन्यांत ४३८. निवडून आलेल्या ३७६ अपक्षांपैकी १५७ जण त्या अवधीत कोणत्या ना कोणत्या पक्षात दाखल झाले. आणि सर्वांत बोलका आकडा हा की सात राज्यांतील २१० पक्षांतरितांपैकी ११६ जणांना, ज्या सरकारांना त्यांनी जन्म दिला त्यांच्याच मंत्रिमंडळांत जागा मिळाली. निम्म्याहून अधिक! म्हणून समितीने शिफारस केली की पक्ष बदलणाऱ्यास वर्षभर, अथवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद देऊ नये आणि मंत्रिमंडळाच्या आकारालाच मर्यादा घालावी. निदान अचूक होते. औषध मात्र दप्तरात पडून राहिले आणि पुढे खुद्द यशवंतरावांनाही इंदिरा काँग्रेसपासून दूर जाऊन, मग उतारवयात तिच्याकडे परतण्याची पाळी आली, हा काळाचा एक उदास विनोद होय.

मराठी वाचकाला हा सारा प्रकार अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ज्याच्याकडून वतन त्याची चाकरी, ही आपल्याकडची जुनी वहिवाट होती. अफझलखान चालून आला तेव्हा मावळातले देशमुख वतनाच्या भयाने डळमळले, खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले आणि कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून महाराजांच्या पायाशी आपले इमान वाहिले. राजाराम महाराजांच्या काळी तर सरदार आपल्याकडे राहावेत म्हणून मोगल आणि मराठे या दोघांनाही वतने व इनामे वाटावी लागली. बखरकारांनी कान्होजींचे नाव आदराने जपले याचे कारण तसे करणारे थोडे होते. मात्र त्या काळच्या देशमुखाला निदान कोणी मते दिलेली नव्हती.

पक्षांतराला आळा घालणारा कायदा करण्याचे दोन प्रयत्न आधी वाया गेले. १९७३ चे विधेयक लोकसभेबरोबर व्यपगत झाले. १९७८ मध्ये जनता पक्षाच्या राजवटीत आणलेल्या विधेयकाला मधू लिमये यांच्यासारख्या त्याच पक्षातील माणसांनी, सदस्याचे मतस्वातंत्र्य जाईल म्हणून, सुरुवातीलाच हरकत घेतली व ते मागे पडले. दरम्यान जानेवारी १९८० मध्ये हरियाणाचे मुख्यमंत्री भजनलाल यांनी आपल्या मंत्रिमंडळासह जनता पक्षातून इंदिरा काँग्रेसमध्ये प्रयाण केले. सरकार तेच, मुख्यमंत्री तेच, कचेऱ्या त्याच. पक्ष तेवढा बदलला. अखेर राजीव गांधी प्रचंड बहुमताने निवडून आल्यावर १९८५ च्या जानेवारी अखेरीस दोन दिवसांत दोन्ही सभागृहांनी बावन्नावी घटनादुरुस्ती संमत केली आणि १ मार्चपासून दहावे परिशिष्ट अमलात आले. त्याचा मथितार्थ असा: सदस्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले, किंवा पक्षादेश डावलून मतदान केले व पंधरा दिवसांत पक्षाने त्याला क्षमा केली नाही, तर त्याची जागा जाईल. पण विधिमंडळ पक्षाचा एकतृतीयांश भाग फुटला तर ती फूट मानावी आणि दोन तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात गेले तर ते विलीनीकरण मानावे, दोहोंनाही अभय. एकट्यादुकट्याने केले तर पातक आणि समुदायाने केले तर पुण्य, असा हा न्याय आहे. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक व्यापाराला परवाना, ही त्यावरची टीका तेव्हापासून होत आली आहे व ती खोडून काढणे कठीण आहे.

येथून पुढे राजकारणात इमानाची जागा गणिताने घेतली. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले त्या वेळी, त्यांची तक्रार काय, नेतृत्वाशी बिनसले कशावरून, यापेक्षा ५२ चा तिसरा हिस्सा अठरा होतो की नाही आणि तेवढ्या सह्या कागदावर आहेत की नाहीत, यावर सारी चर्चा केंद्रित झाली होती. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एकतृतीयांशाची पळवाट बुजवली, मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली व पक्षांतराने अपात्र ठरलेल्यास मंत्रिपदाचे दार बंद केले. दोन तृतीयांशांची वाट मात्र मोकळी ठेवली.

ही वाट किती प्रशस्त आहे ते गोव्यात दिसते. चाळीस जागांचे सभागृह, सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदारांचा एकेक मतदारसंघ. आमदार मतदारांच्या लग्नामुंजीला, बाप्तिस्म्याला आणि मयतीला हजर असतो, मतदार त्याला नावाने ओळखतात आणि बरीचशी मते पक्षाला न पडता त्याला पडतात. त्यामुळे पक्ष बदलला तरी माणसे आपल्याबरोबर येतील असे त्याला वाटते, आणि दोघातिघांनी कूस बदलली की सरकार गडगडते. मार्च १९९० मध्ये काँग्रेसच्या वीस आमदारांतून एकतृतीयांशाचा गट फुटला. चर्चिल आलेमांव मुख्यमंत्री झाले आणि अवघ्या अठरा दिवसांनी त्यांच्या जागी लुईस प्रोतो बार्बोझा आले, जे त्याआधी सभागृहाचे सभापती होते. म्हणजे पक्षांतर झाले की नाही हे ठरवणाऱ्या न्यायाधीशावरच पक्षांतराची फिर्याद दाखल झाली! डिसेंबरात ते अपात्र ठरले. त्या मार्चपासून १९९४ च्या डिसेंबरपर्यंत पणजीला मुख्यमंत्र्यांचे सात शपथविधी झाले, त्यांतल्या एका मुख्यमंत्र्याची कारकीर्द सहा दिवसांची.

२०१९ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे विधानसभेत तीन सदस्य उरले होते. त्यांपैकी दोघांनी मध्यरात्र उलटून गेल्यावर प्रभारी सभापतींच्या हाती पत्र दिले की आमचा विधिमंडळ पक्ष भारतीय जनता पक्षात विलीन झाला आहे. तिनाचे दोन तृतीयांश दोन, हिशेब चोख. सकाळ झाली तेव्हा गोव्यातील बहुजनांचा पहिला पक्ष, दयानंद बांदोडकरांचा पक्ष, विधानसभेत एका माणसापुरता शिल्लक होता आणि तो माणूस, सुदिन ढवळीकर, उपमुख्यमंत्रिपदावरून दूर झाला. त्याच वर्षी १० जुलैला काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी हाच मार्ग धरला. पंधराचे दोन तृतीयांश बरोबर दहा. एक कमी नाही, एक जास्त नाही. विरोधी पक्षनेते चंद्रकांत ऊर्फ बाबू कवळेकर तीनच दिवसांत उपमुख्यमंत्री झाले.

हे पुन्हा घडू नये म्हणून २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना एकत्र नेऊन पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरिसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात, अशा तीन ठिकाणी पक्षनिष्ठेची शपथ घ्यायला लावली. वर प्रतिज्ञापत्रेही लिहून घेतली. घटनेच्या परिशिष्टावर पक्षाचा विश्वास किती उरला होता, हे यावरून ओळखावे. निवडून आले अकरा; १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांतले आठ भारतीय जनता पक्षात गेले. माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत त्यांत होते. शपथेचे काय, असे पत्रकारांनी विचारता आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि तुझ्या दृष्टीने योग्य ते कर असे उत्तर मिळाले, असे त्यांनी सांगितले. देवाची साक्ष काढता येत नसल्याने या विधानाची उलटतपासणी अशक्य आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मडगावात कामतांनी ज्यांचा पराभव केला ते मनोहर आजगावकर म्हणजे गोमंतक पक्षाच्या त्या मध्यरात्रीच्या दोघांपैकी एक. आणि त्या मध्यरात्री पत्र स्वीकारणारे प्रभारी सभापती मायकल लोबो हे मधल्या काळात भाजप सोडून काँग्रेसमध्ये आले, विरोधी पक्षनेते झाले आणि कामतांबरोबर परतही गेले.

निवाडा कोणी करायचा, ही या कायद्याची दुसरी मेख. तो अध्यक्षाने, गोव्यात ज्याला सभापती म्हणतात त्याने, करायचा. आणि अध्यक्ष हा बहुमताच्या इच्छेवर पदावर असतो. १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिशिष्ट वैध ठरवले, अध्यक्षाच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते हेही सांगितले. परंतु पाच न्यायाधीशांपैकी दोघांचे मत पडले की ज्याचे पद बहुमतावर अवलंबून आहे त्याला असा निवाडा करण्यास निःपक्षपाती म्हणता येणार नाही. अनुभवाने हे दोघे बरोबर ठरले आहेत. मणिपुरात २०१७ साली काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले एक सदस्य लगोलग भाजपच्या मंत्रिमंडळात गेले. त्यांच्याविरुद्धचे अर्ज तीन वर्षे अध्यक्षांपुढे पडून राहिले, आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपला असाधारण अधिकार वापरून त्यांना मंत्रिमंडळातून दूर करावे लागले. निर्णय चुकीचा दिला तर दाद मागता येते; तो दिलाच नाही तर दाद कशाची मागावी? तहकुबी हेच येथे सर्वांत परिणामकारक शस्त्र आहे, आणि ते उगारायला कोणत्याही पक्षाच्या अध्यक्षाने कसूर केलेली नाही.

पक्षांतरानंतर जे वाद माजतात त्यांची संहिता जवळजवळ ठरून गेलेली आहे. जाणारा म्हणतो, मी होतो तेथेच आहे, पक्षच आपल्या विचारांपासून ढळला. किंवा, मतदारसंघाच्या विकासासाठी मला हा कटू निर्णय घ्यावा लागला. सोडला गेलेला पक्ष गद्दारी, खोके आणि खंजीर यांचा उच्चार करतो. घेणारा पक्ष म्हणतो, आमच्या नेतृत्वावर विश्वास ठेवून ते आले, आणि काल ज्याच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले त्याच्या गळ्यात हार घालतो. मौज अशी की पात्रे जागा बदलतात, संवाद मात्र ज्याच्या त्याच्या जागेवर राहतात. जुलै १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून अडतिसाव्या वर्षी पुलोद आघाडीचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा पाठीत खंजीर हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात चलनी झाला. २ जुलै २०२३ रोजी त्यांचेच पुतणे अजित पवार राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये वेगळे झाले तेव्हा काकांच्या अनुयायांनी विश्वासघात म्हटले आणि पुतण्याच्या अनुयायांनी १९७८ चा दाखला काढला. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीस गेले, त्याला एका बाजूने गद्दारी म्हटले व दुसऱ्या बाजूने उठाव. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये प्रकरण अध्यक्षांकडे सोपवले. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असा निर्णय दिला आणि अपात्र मात्र दोन्ही गटांतल्या एकालाही ठरवले नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीतही पुढच्याच महिन्यात तेच झाले. एवढा मोठा कज्जा, दोन पक्ष दुभंगले, आणि कायद्याच्या दृष्टीने पक्षांतर कोणीच केले नव्हते!

राजीनामा देऊन जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तीही निर्लेप नाही, हे कबूल केले पाहिजे. कर्नाटकात २०१९ मध्ये आणि मध्य प्रदेशात २०२० मध्ये आमदारांचे राजीनामे हेच सरकार पाडण्याचे साधन झाले होते, आणि राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाच्या ठायी आचार्य नरेंद्र देव पाहण्याइतके आपण कोणी भाबडे नाही. पण त्या मार्गावर पोटनिवडणुकीचे एक नाके असते. विश्वजित राणे २०१७ मध्ये काँग्रेसची आमदारकी सोडून भाजपमध्ये गेले, मंत्री झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये वाळपईच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. त्यांच्या निर्णयाबद्दल कोणाचे काहीही मत असो, वाळपईपुरता तो वाद मिटला. विधी आयोगाने १९९९ मध्येच सुचवले होते की फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढून टाकाव्यात. पहिली गेली, दुसरी जाईपर्यंत, आणि निवाडा अध्यक्षांकडून काढून घेऊन त्याला मुदतीचे बंधन घातले जाईपर्यंत, हा कायदा पक्षांतराला आळा घालतो असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. एकट्याने जावे की दहांनी जावे, जाताना जागा सोडून जावे, एवढाच नियम पुरेसा आहे.

कवळेकरांच्या केपे मतदारसंघातील मतदारांना तशी संधी मिळाली नाही. कवळेकर १० जुलै २०१९ रोजी काँग्रेस सोडून गेले. त्यांच्या व त्यांच्या नऊ सहकाऱ्यांविरुद्धचा अपात्रतेचा अर्ज सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय २४ फेब्रुवारी २०२२ रोजी कायम केला. त्याच्या दहाच दिवस आधी, १४ फेब्रुवारीला, केप्यात मतदान होऊन गेले होते, आणि मोजणीत कवळेकर पराभूत झाले.